मुंबई गोदीतली ट्रिंकोमाली, १:९६ : डोलकाठ्या आणि यार्ड

तांडेल

जहाजाच्या मॉडेलचं हल (धड) पूर्ण झालं, डेक घासून झालं, तोफांच्या झडपा लागल्या, की हात शिवशिवायला लागतात आणि नेमक्या याच टप्प्यावर डोलकाठ्या घाईत उरकल्या जातात. बाजारातून गोल दांडी आणायची, ड्रिलमध्ये धरून फिरवायची, पॉलिश पेपरने टोक निमुळतं करायचं आणि डेकवरच्या भोकात फेविकॉल घालून उभी करायची. या पद्धतीविरुद्ध मला अगदी मनापासून सांगायचंय. मॉडेल खोलीच्या दारातून दिसतं तेव्हा पहिली नजर काठ्यांवर आणि दोऱ्यांवरच जाते. हलवर कितीही जीव ओतला असला, तरी काठ्या जाड आणि सरळसोट झाल्या की जहाज खेळण्यातलं वाटतं.

उदाहरणासाठी ट्रिंकोमाली घेतोय, कारण ती आपल्या गावची आहे. जमशेटजी बमनजी वाडियांनी मुंबई गोदीत मलबारी सागात बांधलेली ही लेडा वर्गाची ३८ तोफांची फ्रिगेट, म्हणजे वेगवान युद्धनौका. तिचे आराखडे घेऊन निघालेलं ‘जावा’ हे जहाज डिसेंबर १८१२ मध्ये ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ अमेरिकेच्या ‘कॉन्स्टिट्यूशन’कडून हरलं आणि नष्ट झालं, म्हणून आराखड्यांची दुसरी प्रत मुंबईला यावी लागली. बांधणी १८१६ मध्ये सुरू झाली आणि १२ ऑक्टोबर १८१७ ला ती पाण्यात उतरली. आज ती इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तरंगते आहे.

आधी मापं. त्या काळच्या इंग्रजी गोदीत प्रत्येक काठीचं माप दुसऱ्या कुठल्या तरी काठीवरून निघायचं आणि सगळ्यांचं मूळ मुख्य डोलकाठीत असायचं. डेकची लांबी आणि जहाजाची रुंदी यांची बेरीज करून निम्मी करायची. लेडा वर्गात लांबी साधारण १५० फूट, रुंदी जवळपास ४०. म्हणजे मुख्य डोलकाठी ९५ फूट, आपल्या प्रमाणात (१:९६, म्हणजे खऱ्याच्या ९६वा हिस्सा) ३०२ मिमी. ही लांबी तळातल्या पायापासून वरच्या कॅपपर्यंतची (शेंड्यावरच्या ठोकळ्यापर्यंतची) आहे, डेकपासूनची नाही, हे पक्कं लक्षात ठेवा. जाडी दर तीन फुटांमागे एक इंचाला किंचित कमी (या आकाराच्या जहाजांना २७/२८ इंच), म्हणजे साडेतीस इंच, आपल्याकडे ८.१ मिमी.

पुढची डोलकाठी मुख्य काठीच्या ८/९, म्हणजे २६८ मिमी. मुख्य काठीवर चढणारी टॉपमास्ट तिच्या ३/५, म्हणजे १८१ मिमी. तिच्यावरची टॉपगॅलंट मास्ट टॉपमास्टच्या निम्मी, वरचा बारीक शेंडा वेगळा. मुख्य यार्ड (डोलकाठीवर आडवी टांगलेली, शीड धरणारी काठी) मुख्य डोलकाठीच्या ८/९, पुन्हा २६८ मिमी. त्याची जाडी दर तीन फुटांमागे ७/१० इंच, म्हणजे मधोमध ५.२ मिमी. त्याच्या वरचं टॉपसेल यार्ड मुख्य यार्डाच्या ५/७, म्हणजे १९१ मिमी आणि जाडी ३.३ मिमी. जहाजाचा स्वतःचा मोजमापांचा तक्ता हाती असेल तर अर्थातच तोच खरा. पण हे गुणोत्तर वहीत लिहून ठेवा, किटमधल्या नकाशात काठी कुठे फुगवली आहे ते लगेच पकडता येतं.

आता आकार. डोलकाठी शंकूसारखी एकसारखी निमुळती होत नाही. डेकपासून गालांच्या (डोक्याखाली दोन्ही बाजूंना लावलेल्या फळ्यांच्या) वरच्या टोकापर्यंतच्या उंचीचे चार सारखे भाग करा. पहिल्या खुणेवर जाडी डेकवरच्या जाडीच्या ६०/६१, दुसऱ्यावर १४/१५, तिसऱ्यावर ६/७ आणि चौथ्यावर, म्हणजे जिथे डोक्याचा चौकोनी भाग सुरू होतो तिथे, ३/४. मिमीमध्ये ८.१, ८.०, ७.६, ६.९, ६.१. खाली काठी जवळजवळ भरलेलीच राहते आणि वर गेल्यावर झपाट्याने उतरते. डेकखाली तळाकडेही ती ६/७ पर्यंत बारीक होते. यार्डाचंही तसंच. मध्यापासून टोकापर्यंत चार भाग केले की ३०/३१, ७/८, ७/१० आणि टोकाला ३/७. मुख्य यार्डाचं ५.२ मिमीचं टोकाला २.२ होतं. हा फुगीर बाक डोळ्याला लगेच जाणवतो. सरळ रेषेत निमुळतं केलेलं यार्ड त्याच्याशेजारी मेलेलं दिसतं.

म्हणून माझा आग्रह असा, की सुरुवात चौकोनी पट्टीपासून करा. गोल दांडीपासून मुळीच नको. डोलकाठीचं डोकं चौकोनी असतं, तळाचं टोक चौकोनी असतं, खालच्या मोठ्या यार्डाचा मधला भाग अष्टकोनी असतो. गोल दांडीतून चौकोन काढायला गेलात तर लाकूडच पुरत नाही. चौकोनी पट्टीवर आधी दोन समोरासमोरच्या बाजूंवर बाक आखायचा आणि रंध्याने उतरवायचा, मग उरलेल्या दोन. आता चौकोनी पण योग्य निमुळती काठी हातात येते. मग तिचे चार कोपरे मारून अष्टकोन, त्याचे कोपरे मारून सोळा बाजू आणि शेवटी पॉलिश पेपरने गोल. जिथे चौकोन किंवा अष्टकोन ठेवायचाय तिथे हात थांबवायचा.

पुढच्या प्रतिसादांत टॉप (काठीवरचा मचाण), कॅप आणि काठ्या उभ्या करण्याबद्दल लिहितो. आधी प्रश्न येऊ द्या.

रंधा_पटाशी

फार वाट पाहत होतो या धाग्याची. लाकूड कुठलं? जहाज सागाचं म्हणून काठ्याही सागाच्याच कराव्यात असं माझ्या मनात होतं. पुण्यात टिंबर मार्केटमध्ये जुना साग मिळतो, चांगला मुरलेला.

तांडेल

सागाचा मोह टाळा. साग काठ्यांसाठी जड, आणि १:९६ ला त्याच्या रेषा फार जाड दिसतात. ८ मिमीच्या काठीवर सागाच्या छिद्रांच्या ओळी म्हणजे खऱ्या जहाजावर हाताएवढ्या भेगा. खऱ्या गोदीतही हल सागाचं आणि काठ्या वेगळ्या लाकडाच्या, असाच रिवाज होता. इंग्लंडमध्ये बाल्टिकचं फर आणि उत्तर अमेरिकेतलं पाइन वापरायचे. आपल्याकडे कानडा आणि मलबारच्या घाटातला पून, जो ‘पून स्पार’ या नावानेच व्यापारात ओळखला जायचा. उंडीच्या कुळातलं हे झाड, सरळ आणि उंच वाढतं.

मॉडेलसाठी मला हळदू सगळ्यात आवडतो. पिवळसर, बारीक पोताचा, धार छान घेतो, कोपरे तुटत नाहीत. काळा कुडाही उत्तम, चन्नपट्टणची खेळणी ज्याची होतात तोच. शिवण कापायला सोपी पण मऊ, तिच्या बारीक काठ्या दोऱ्यांच्या ताणाने वाकतात, म्हणून ती टॉप आणि कॅपसारख्या तुकड्यांना ठेवा. लाकूड कुठलंही घ्या, रेषा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ गेली पाहिजे. करवतीने कापण्याआधी फळीचा तुकडा पटाशीने फोडून पाहा. ज्या रेषेत तो फुटतो ती लाकडाची खरी रेषा. तिला धरून पट्टी काढली तर पावसाळ्यातही काठी सरळ राहते.

लेथप्रेमी

थोडा विरोध नोंदवतो. माझ्याकडे छोटा लेथ आहे आणि मी आतापर्यंत सगळ्या काठ्या त्यावरच केल्यात. ६०/६१ आणि १४/१५ चे टप्पे पेन्सिलने आखून कॅलिपरने मोजत गेलं तर बाक येतो की. रंध्याने चार बाजू सारख्या उतरवणं नवशिक्याला जास्त अवघड जाईल.

तांडेल

जाड काठीला लेथ चालतो, वाद नाही. पण ३०० मिमी लांब आणि ८ मिमी जाड काठी मध्ये आधार नसेल तर थरथरते आणि नेमकी मध्ये जाड राहते. टॉपगॅलंटसारखी बारीक काठी तर फिरता फिरता मोडते. शिवाय चौकोनी डोक्याचा प्रश्न राहतोच. लेथवर गोल केल्यावर चौकोन हवा असेल, तर डोक्याच्या कर्णाएवढी जाडी त्या टोकाला राखावी लागते, म्हणजे ६ मिमीच्या डोक्याला साडेआठ मिमी. तेवढं सांभाळणार असाल तर लेथ जरूर वापरा. माझा अनुभव असा, की रंध्याने काम करताना काठीचा आकार हाताला समजत जातो, तो लेथवर समजत नाही.

गणितमावशी

चौकोनाचा अष्टकोन करताना कोपरा किती मारायचा यासाठी माझं टिपण देते. बाजू जितकी रुंद, तिच्या ०.२९३ पट दोन्हीकडून सोडायचं आणि मधला ०.४१४ पट भाग राखायचा. ८ मिमीच्या पट्टीला दोन्हीकडे २.३४ मिमी, मध्ये ३.३ मिमी. ५ मिमीला जवळपास दीड मिमी. नौकाबांधणीतले लोक हेच ७:१०:७ म्हणून लक्षात ठेवतात. एकूण २४ मध्ये ७, १० आणि ७, फरक नगण्य.

या ७:१०:७ वर आधारलेलं खतकस (रेषा आखायचं साधन) घरी करता येतं. छोट्या पट्टीवर दोन बाहेरच्या खिळ्या आणि त्यांच्या मध्ये ७:१०:७ च्या अंतरावर दोन सुया. बाहेरच्या खिळ्या काठीच्या दोन्ही कडांना टेकतील अशी पट्टी तिरकी धरायची आणि काठीवरून ओढत न्यायची. काठी निमुळती होते तशी पट्टी आणखी तिरकी होते, पण प्रमाण तेच राहतं. त्यामुळे सुयांनी ओढलेल्या दोन्ही रेषा पूर्ण लांबीभर बरोबर येतात. मला हे भूमितीचं फार सुंदर उदाहरण वाटतं, शाळेत मुलांना दाखवते.

तांडेल

मावशी, उत्तम. ४ मिमीच्या खाली मात्र खतकस वापरू नका, तिथे डोळा आणि कानसच. काठी धरायला सागाच्या पट्टीत नव्वद अंशांची खाच करून ठेवा. चौकोन असताना त्यात कोपरा बरोबर बसतो, गोल झाल्यावरही काठी घरंगळत नाही. पुढच्या टोकाला एक छोटा अडथळा ठोकला की रंधा दोन्ही हातांनी मारता येतो.

नवा_खलाशी

अगदी बारीक यार्डांचं काय? सगळ्यात वरचं रॉयल यार्ड माझ्या हिशोबाने एक-दीड मिमीचं येतं. लाकूड टिकतच नाही.

रंधा_पटाशी

बांबू! स्वयंपाकघरातल्या कबाबच्या काड्या घ्या, गाठ नसलेला भाग फोडून घ्या. सोनार तार ओढायला वापरतात तशी भोकांची पोलादी पट्टी मिळते, तिच्यातून मोठ्या भोकाकडून लहान भोकाकडे ओढत न्या. मग टोकं निमुळती करा. बांबूचे तंतू इतके सलग असतात की एक मिमीचं यार्डही दोरीच्या ओढीने मोडत नाही. वॉर्निश लावलं की हळदूच्या शेजारी फरक कळत नाही.

तांडेल

सहमत. आता टॉप आणि डोकं.

खालच्या डोलकाठीचं डोकं एकूण लांबीच्या साधारण सातव्या हिश्शाएवढं, आपल्याकडे सुमारे ४३ मिमी. त्याखाली दोन्ही बाजूंना गाल. गालांवर पुढेमागे जाणाऱ्या आधाराच्या दोन पट्ट्या, म्हणजे ट्रेसलट्री, त्यांच्यावर आडव्या क्रॉसट्री आणि त्यांच्यावर टॉपचा मचाण. डोक्याच्या शेंड्यावर कॅप, तिला दोन भोकं, मागचं चौकोनी आणि पुढचं गोल. टॉपमास्ट खालून ट्रेसलट्रीच्या मधून आणि कॅपच्या गोल भोकातून वर जाते, म्हणजे खालच्या काठीच्या समोर उभी राहते. तिच्या तळाशी आरपार चौकोनी भोक असतं आणि त्यातून फिड नावाची आडवी पट्टी घालतात. ही पट्टी ट्रेसलट्रीवर टेकते आणि टॉपमास्टचं सगळं वजन तिच्यावर असतं.

मॉडेलमध्ये बरेचजण फिड करत नाहीत, टॉपमास्ट डिंकाने चिकटवतात. मी प्रत्येकाला सांगेन, फिड करा. एक तर ती खालून दिसते. दुसरं, फिडमुळे टॉपमास्ट न चिकटवता उभी राहते. दोऱ्या बांधताना ती अर्धा मिमी इकडेतिकडे करता येते आणि पुढे एखादी टॉपमास्ट मोडली तर बाहेर काढता येते. खरं जहाजही वादळात हेच करायचं, फिड काढून टॉपमास्ट खाली उतरवायचं. वजन वरून कमी झालं की जहाज कमी कलतं.

आणखी एक बारकावा. डोलकाठी मागे कललेली असली तरी टॉपचा मचाण पाण्याच्या पातळीला समांतर ठेवा. मी ज्या नकाशांवरून काम करतो त्यांत तो तसाच आहे. मचाण काठीला काटकोनात बसवला तर मिझनवर, म्हणजे सगळ्यात मागच्या डोलकाठीवर, जिथे कल सगळ्यात जास्त, तो मागे झुकलेला दिसतो.

टीसाइडकर

मी हार्टलपूलपासून पाऊण तासावर राहतो, त्यामुळे ट्रिंकोमालीवर वरचेवर जाणं होतं. एक सावधगिरी सांगतो. आज जे दिसतं ते जसंच्या तसं १८१७ चं समजू नका. १८४५ मध्ये तिच्यात मोठे बदल झाले. तोफा २६ वर आल्या, मागचा भाग बदलला आणि ती कॉर्व्हेट (फ्रिगेटहून लहान युद्धनौका) म्हणून नोंदली गेली. नंतर ‘फूद्रॉयंट’ या नावाने कित्येक वर्षं प्रशिक्षणाचं जहाज होती. १९८७ मध्ये हार्टलपूलला आली आणि २००१ पर्यंत पुन्हा उभी केली गेली. त्यामुळे दोऱ्या आणि काठ्यांच्या तपशिलासाठी आधी स्वतःचं साल ठरवा, मग फोटो वापरा.

तरी प्रत्यक्ष पाहण्याचा एक फायदा फोटोत मिळत नाही. डेकवर मुख्य डोलकाठीच्या बुंध्याशी उभं राहून सरळ वर पाहिलं की मचाणाची खालची बाजू, ट्रेसलट्री, श्राउडांचे (काठीला दोन्ही बाजूंनी धरणाऱ्या दोरांचे) फास एकावर एक कसे बसलेत, सगळं दिसतं. आणि मुंबईत बांधलेलं जहाज इथल्या थंड पाण्यात दोनशे वर्षांनंतर तरंगतंय, या विचाराने ऊर भरून येतो. नेल्सनचं व्हिक्टरी कोरड्या गोदीत आहे, ही अजून पाण्यात आहे. त्यात सागाचा वाटा मोठा. खालून घेतलेले फोटो हवे असतील त्यांनी विपू (विचारपूस) करा.

नवा_खलाशी

विपू केली आहे. साल कसं ठरवायचं? आणि माझ्या किटमध्ये डोलकाठीवर दोरीचे वेढे द्यायला सांगितलंय, ते बरोबर का?

तांडेल

१८१७ धरत असाल तर दोरीचे वेढे नकोत. मोठी डोलकाठी एका झाडाची नसायची, अनेक लांब तुकडे एकमेकांत बसवून केलेली असायची आणि त्यांना आवळून धरायला वेढे. अठराव्या शतकात ते दोरीचे असत, ठरावीक अंतरावर, वरखाली लाकडी कड्यांमध्ये. १८०० च्या सुमारास इंग्रजी नौदलात त्यांच्या जागी लोखंडी पट्टे आले. म्हणजे ट्रिंकोमालीला लोखंडी पट्टे. मॉडेलवर जाड काळा कागद एक मिमी रुंद कापून गुंडाळा, जोड मागच्या बाजूला घ्या. पितळी पट्टी नको, या प्रमाणात ती उठून दिसते आणि दंडाला बांधलेल्या ताईतासारखी वाटते.

पट्ट्यांचा रंगही विचारपूर्वक ठरवा. ट्रफाल्गारच्या लढाईआधी, १८०५ मध्ये, ब्रिटिश नौसेनापती नेल्सनने आपल्या जहाजांचे पट्टे पिवळे रंगवून घेतले होते, कारण फ्रेंच आणि स्पॅनिश जहाजांचे काळे असत आणि धुरात ओळख पटायला हवी होती. बंदुकीच्या दारूच्या धुरात हल दिसत नसे, पण डोलकाठ्या धुराच्या वर दिसत. मी १८१७ साठी खालच्या काठ्या आणि पट्टे एकाच फिकट पिवळ्या रंगात, डोकं आणि कॅप काळी, यार्डं काळी असं ठेवतो.

शीड बांधायची पद्धतही याच काळात बदलत होती. १९व्या शतकाच्या दुसऱ्या दशकात यार्डाच्या वरच्या बाजूने जॅकस्टे नावाची दोरी आली आणि शीड तिला बांधलं जाऊ लागलं. त्याआधी दोरी थेट यार्डाभोवती फिरायची. १८१७ ला जॅकस्टे असलेलं मॉडेल मला पटतं.

कोळीवाड्यातला

विषय फ्रिगेटचा आहे, तरी विचारतो. माझ्या आजोबांच्या मचव्याचं मॉडेल करतोय, एक डोलकाठी आणि एकच तिरकं शीड. तुमची गुणोत्तरं चालतील का?

तांडेल

अगदी विषयातलंच आहे, विचारा. पण ही गुणोत्तरं तिथे बिलकूल लावू नका. आपल्या किनाऱ्यावरच्या होड्यांची डोलकाठी पुढे कललेली असते, फ्रिगेटच्या बरोबर उलट. तिला दोरांचा आधार कमी, म्हणून ती उंचीच्या मानाने जाड. आणि तिरक्या शिडाची आडवी काठी कित्येकदा डोलकाठीपेक्षाही लांब असते. इतकं लांब सरळ लाकूड मिळत नाही म्हणून दोन किंवा तीन काठ्या टोकं एकमेकांवर ठेवून दोरीने बांधतात. मॉडेलवर ही बांधणी खरीखुरी करा, एकाच काठीवर दोरा गुंडाळून देखावा करू नका. मागचं वरचं टोक बारीक आणि लवचीक ठेवा, वाऱ्यात ते वाकतं.

तुम्हाला माझ्यापेक्षा मोठा आधार घरात आहे. जुने फोटो, बंदरातल्या वयस्क तांडेलांच्या आठवणी, जुन्या होडीची मापं, जे मिळेल ते मोजून लिहून ठेवा. फ्रिगेटचे तक्ते छापलेले आहेत. मचव्याची मापं बहुतेक माणसांच्या डोक्यात आहेत.

कोळीवाड्यातला

आजोबांचे मोठे भाऊ आहेत, नव्वदीचे. या रविवारी टेप घेऊन जातो त्यांच्याकडे. वेगळा धागा काढेन.

गणितमावशी

नक्की काढा, मी वाट पाहीन.

तांडेल, काठ्या उभ्या करताना कल कसा पक्का करता? आणि डिंक कधी?

तांडेल

खालच्या डोलकाठ्यांना मी डिंक लावतच नाही. तळातल्या पायात चौकोनी टोक घट्ट बसलं की काठी फिरत नाही. डेकमधलं भोक मात्र काठीपेक्षा मिमीभर मोठं ठेवतो. खऱ्या जहाजावरही ते मोठंच असायचं आणि फटीत लाकडी पाचरी ठोकून वर मेणकापडाचं आवरण बांधायचे, पाणी आत जाऊ नये म्हणून. मॉडेलवर या पाचरींनीच कल साधतो. पुढची काठी जवळजवळ उभी, मुख्य थोडी मागे, मिझन त्याहून मागे. अंश नकाशावरून घ्या, पुठ्ठ्याचा कोन कापून काठीला लावून पाहा. बाजूने झुकली आहे का ते पाहायला गवंड्याचा ओळंबाच सोडतो, कॅपच्या मधोमध बांधून. त्याआधी हल टेबलावर पाण्याच्या पातळीत बसवलेलं पाहिजे, नाहीतर ओळंब्याला अर्थ नाही.

टीसाइडकर

एक जोड देतो. डोलकाठीच्या पायाखाली नाणं ठेवायची रीत फार जुनी आहे, रोमन काळातल्या जहाजांच्या अवशेषांतही ती सापडली आहेत. मी माझ्या मॉडेलमध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या नाण्याची छोटी पितळी प्रतिकृती ठेवली. दिसत नाही कुणाला, पण आहे.

रंधा_पटाशी

हे मी करणार! मुंबईतल्या रिवाजाला धरून चांदीचा बारीक खिळाही मारतो कण्याला, वाडियांनी ट्रिंकोमालीच्या कण्याला मारला होता तसा.

नवा_खलाशी

स्टे (काठीला पुढे ओढणारा दोर) आणि श्राउड बांधल्यावर टॉपमास्ट पुढे ओढली जाते, बाजूने पाहिलं तर धनुष्यासारखी. मित्राच्या मॉडेलवर हे झालेलं पाहिलंय. कसं टाळायचं?

तांडेल

क्रम पाळा. खालच्या डोलकाठीवर आधी श्राउड. उजवीकडची सगळ्यात पुढची जोडी पहिली, मग डावीकडची, मग पुन्हा उजवीकडची, असं आलटून पालटून. फास एकावर एक चढत जातात. त्यानंतर स्टे, त्यांचा फास श्राउडांच्या वर. खालची काठी दोन्ही दिशांनी पक्की झाल्याशिवाय टॉपमास्टला हात लावू नका. टॉपमास्टला पुढे ओढणारा स्टे आणि मागे ओढणारे बॅकस्टे थोडे थोडे मिळून ताणा. एक पूर्ण ताणून मग दुसरा, असं केलं की काठी वाकणारच. बारीक काठ्यांच्या दोऱ्यांत ताण फार कमी ठेवा. दोरी सरळ दिसली की पुरे.

आणि दोरा. सुती दोरा आपल्या हवेत त्रास देतो. जूनमध्ये ओल धरली की तो आखडतो आणि मार्चमध्ये सरळ असलेली टॉपगॅलंट वाकते. मुंबई-कोकणात राहणाऱ्यांनी चांगल्या प्रतीचा पॉलिएस्टर घ्यावा, ज्याच्यावर चमक नाही असा. त्यावर मधमाशीच्या मेणाचा हलका हात द्यावा.

लेथप्रेमी

यार्डांवरचे ब्लॉक (दोरी ओवायच्या कप्प्या) कधी बांधता? मी यार्ड टांगल्यावर बांधतो आणि चिमटा श्राउडांमध्ये अडकतो.

तांडेल

टांगण्याआधी, सगळं टेबलावर. यार्ड त्या नव्वद अंशांच्या खाचेत ठेवा आणि टोकाकडून मध्याकडे या. टोकाला दोरी घसरू नये म्हणून छोटे ठोकळे, मग खलाशांच्या पायाखालच्या दोरीचा फास, मग ब्रेसचा (यार्ड फिरवणाऱ्या दोरीचा), मग लिफ्टचा (टोक वर धरणाऱ्या दोरीचा) ब्लॉक. मध्याजवळ शिडाच्या कोपऱ्यांच्या दोऱ्यांचे ब्लॉक आणि यार्ड टांगायच्या दोराचे ठोकळे. स्टडिंगसेलचे (यार्डाच्या टोकाबाहेर लावायच्या जादा शिडांचे) बूम, म्हणजे दांडे, करणार असाल तर त्यांच्या कड्या यार्डावर आताच बसवा. बूम यार्डाच्या पुढच्या अंगाला, किंचित वर येतो, बरोबर डोक्यावर नाही. लांबी यार्डाच्या निम्मी.

पायाखालच्या दोरीकडे विशेष लक्ष द्या. खलाशी यार्डावर पोट टेकवून तिच्यावर उभे राहत, म्हणून ती यार्डाखाली माणसाच्या कमरेएवढी, साधारण तीन फूट लोंबते. आपल्याकडे साडेनऊ मिमी. दोरा हलका असल्याने आपोआप लोंबत नाही, ताठ राहतो. पाण्यात पातळ केलेला फेविकॉल बोटाने लावून यार्ड उलटं न धरता, जसं टांगणार तसंच धरून, प्रत्येक उभ्या आधाराच्या दोरीला चिमट्याने खाली ओढत वाळवा. दोन आधारांच्या मध्ये तिला थोडा झोल आलाच पाहिजे.

लेथप्रेमी

साडेनऊ मिमी. माझी चार मिमीवर आहे, आज रात्री बदलतो. मिझनच्या खालच्या यार्डालाही पायाची दोरी लागते का? तिथे तर शीडच नसतं.

तांडेल

लागते. मिझनच्या त्या यार्डाला शीड नसलं तरी वरच्या टॉपसेलचे खालचे कोपरे त्याच्याच टोकांना ओढून बांधतात आणि तिथे माणूस जावा लागतो. स्टडिंगसेलचे बूम मात्र त्यावर नसतात, ते फक्त पुढच्या आणि मुख्य डोलकाठीवरच्या यार्डांवर.